जालन्याचं पोलाद, वाळूजच्या मशिनी आणि तोफगोळे: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या मराठवाड्यात एक मेसेज हातोहात फिरतो आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: जालन्यात पोलाद आहे, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याला सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशिनी) आहेत, सैन्याला तोफगोळे हवे आहेत. तरीही आपल्याला काम मिळत नाही, कारण लष्कर आणि शस्त्र कारखान्यांचं साटंलोटं आहे. एकदा व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून नोंदणीचा क्रमांक) मिळाला की तीन पिढ्यांची ददात मिटली.

मराठवाड्याला हे काम मिळावं असं आम्हालाही मनापासून वाटतं. पण हा मेसेज वाचून कुणी कर्ज काढून मशीन घ्यायच्या आधी त्यातला एकेक दावा तपासून घ्यायला हवा.

"जालन्याच्या पोलादाचे गोळे होतील."

आज तरी नाही. जालन्याच्या बहुतेक मिल भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजातून थेट काढलेलं लोखंड) विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवतात, बिलेट (चौकोनी लांब ठोकळे) ओततात आणि त्याची टीएमटी सळई काढतात. घराच्या स्लॅबसाठी ती सळई उत्तम. पण इंडक्शन भट्टी पोलाद वितळवते, फारसं शुद्ध करत नाही. गंधक आणि फॉस्फरस बरंचसं तसंच राहतं. भंगारातून आलेलं तांबं आणि कथिल तर पुढच्या कुठल्याही नेहमीच्या प्रक्रियेत निघत नाही.

१५५ मिलिमीटरचा नेहमीचा गोळा भरल्यावर सुमारे ४३ किलोचा होतो, त्यात साडेसहा-सात किलो स्फोटक असतं. तोफ डागली की गोळ्याच्या तळावर काही हजार बारचा दाब येतो. तळाच्या पोलादात बारीक पोकळी किंवा धातुमळीची रेघ राहिली असेल, तर तापलेला वायू तिथून आत घुसतो आणि गोळा नळीतच फुटू शकतो. समोरच्या शत्रूऐवजी आपलेच जवान जातात. म्हणून हे पोलाद भट्टीनंतर लॅडलमध्ये (वितळलेलं पोलाद धरणाऱ्या मोठ्या भांड्यात) शुद्ध करतात, व्हॅक्यूमखाली त्यातला हायड्रोजन काढतात, अल्ट्रासॉनिकने तपासतात आणि हीट नंबरचा (एका वेळी वितळवलेल्या घाण्याच्या क्रमांकाचा) माग शेवटच्या लॉटपर्यंत ठेवतात. जालन्यात कुणी लॅडल रिफायनिंग आणि व्हॅक्यूम डीगॅसिंगमध्ये पैसा घातला, तर चर्चा जरूर होऊ शकते.

"मोटारसायकलचे पार्ट होतात, मग सैन्याचेही होतील."

हे अर्धं खरं आहे. दोन शतांश मिलिमीटरची अचूकता वाळूजला रोज सांभाळली जाते, तिथे अडत नाही. अडतं ते संख्येपाशी. समजा मशीनच्या सेटिंगला ६ तास लागतात आणि एका नगाला १२ मिनिटं. ५,००० नग काढले तर मशीन हजार तास चालतं, त्यात ते ६ तास कुठे जिरले कळतही नाही. ५० नगांची ऑर्डर असेल तर मशीनचे १० तास आणि सेटिंगचे ६. त्यावर गेज (मापण्याची साधनं), फिक्स्चर (नग धरून ठेवणारे साचे) आणि फुकट गेलेले पहिले दोन-तीन नग. सुट्या भागांची मागणी बहुतेक वेळा अशीच ५०-१०० नगांची असते. ऑटोच्या दराने कोटेशन भरलं की तोटा ठरलेलाच.

आणि अडतं प्रक्रियेपाशी. आधी ॲडव्हान्स सॅम्पल जातं, ते पास झालं की बल्क प्रॉडक्शनची परवानगी मिळते. त्यानंतर पोलादाचा बार (दांडा) कुठून घ्यायचा, हीट ट्रीटमेंट कुणाकडे, प्लेटिंग कोणतं, यात न विचारता बदल करायचा नाही. नेमकी इथेच लहान शेडची चूक होते. काम वाढलं की प्लेटिंग शेजारच्या जॉबवर्कवाल्याकडे जातं. जास्त ताकदीच्या पोलादाला (ताणशक्ती १,००० मेगापास्कलच्या वर) ॲसिड पिकलिंग (आम्लात धुणं) आणि झिंक प्लेटिंग करताना हायड्रोजन आत शिरतो. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत माल १९० ते २२० अंशांच्या ओव्हनमध्ये घालून कित्येक तास बेक केला नाही, तर बोल्ट तपासणीत पास होतो आणि आवळून ठेवल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतो. मोजमाप बरोबर, हार्डनेस बरोबर, तरी तुटलेला. त्यामुळे ओव्हनचा वेळ-तापमानाचा चार्ट मालाबरोबर द्यावा लागतो. तो नसेल तर लॉट परत, आणि परत येणंच योग्य आहे.

"एकदा कोड मिळाला की कायमची ऑर्डर."

सैन्य हा बाजार नव्हे, एकच गिऱ्हाईक आहे, आणि त्याची मागणी सलग नसते. पेपरात "इतक्या हजार कोटींच्या खरेदीला मंजुरी" असं छापून येतं, ती बहुतेक वेळा गरज मान्य झाल्याची पहिली पायरी असते. त्यानंतर निविदा, तांत्रिक छाननी, फील्ड ट्रायल, दराची बोलणी आणि मग करार. यात वर्षं जातात. डिसेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने भारत इलेक्ट्रॉनिक्स (बीईएल) या सरकारी कंपनीच्या पुणे युनिटशी इलेक्ट्रॉनिक फ्यूजसाठी (गोळा कधी फुटावा हे ठरवणारा भाग) सुमारे ५,३३६ कोटींचा १० वर्षांचा करार केला. तशी लांब पल्ल्याची हमी वाळूजच्या तिसऱ्या पायरीवरच्या (पुरवठादारालाच माल देणाऱ्या) पुरवठादाराला आपोआप मिळत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. कारगिलमध्ये सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेट लागले, आणि काही दारूगोळा ऐन लढाईत बाहेरून आणावा लागला. शांततेत थोडी पण नियमित ऑर्डर मिळाली तरच कारखान्याचा हात चालू राहतो. ही मागणी सरकारकडे लावून धरली पाहिजे. पण ती मान्य होईपर्यंत एकूण धंद्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त भाग या कामावर ठेवू नका. माल द्यायला उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का दंड हे नेहमीचं कलम आहे. पैसे अडकले तर एमएसएमई (लहान-मध्यम उद्योगांचा) कायदा वापरा: माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असं धरलं जातं, पैसे द्यायला ४५ दिवसांच्या वर उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) मात्र पुरवठ्याच्या आधीची हवी.

"लायसन्सशिवाय हात लावता येत नाही."

स्फोटक, शस्त्र, दारूगोळा यांना लायसन्स लागतंच. पण २०१४ मध्ये केंद्राने संरक्षण वस्तूंची यादी आखडली आणि कास्टिंग, फोर्जिंगसारख्या गोष्टी परवान्यातून वगळल्या.

"लष्कर आणि कारखान्यांचं साटंलोटं आहे."

यात जुन्या काळापुरतं तथ्य आहे. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड (सरकारी शस्त्र कारखाने चालवणारं मंडळ) संरक्षण मंत्रालयाचाच भाग होता, ऑर्डर स्पर्धेशिवाय जायची. पण त्याचा त्रास सर्वांत जास्त सैन्यालाच झाला. दर्जा आणि विलंबाबद्दल लष्कराच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत्या. १ ऑक्टोबर २०२१ ला ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातला एकही कारखाना मराठवाड्यात नाही हे खरं, आणि ते खुपतंही.

तरीही तुमचं थेट गिऱ्हाईक सैन्य नाहीच. तोफगोळ्याचं कवच नागपूरच्या अंबाझरीला होतं, स्फोटकाची भरणी चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला, चार्ज (गोळा फेकणारी दारू) बिहारमधल्या नालंद्याला. सैन्य फक्त शेवटची वस्तू घेतं. वाळूजच्या शेडचं गिऱ्हाईक म्हणजे अंबाझरी, भुसावळ, वरणगाव, खडकी इथली खरेदी शाखा, किंवा त्यांना माल देणारी खासगी कंपनी. संरक्षण मंत्रालयाच्या सृजन पोर्टलवर आयात होणाऱ्या भागांच्या याद्या आहेत. तिथे आपल्या मशीनवर बसणारे दोन-तीन भागच निवडा, ड्रॉइंग मागवा आणि मटेरियल स्पेसिफिकेशनची ओळ सर्वांत आधी वाचा. पोलादाचा तो ग्रेड १०० किलोच्या प्रमाणात, टेस्ट सर्टिफिकेटसह मिळतो का हे स्टॉकिस्टला विचारल्याशिवाय कोटेशन भरू नका. कारण मिलकडून तो अनेकदा टनांतच घ्यावा लागतो, आणि उरलेला बार शेडमध्ये पडून राहतो.