'सगळं घेऊन जा' म्हणण्याआधी

दोन वर्षांपूर्वी घरामागची अडगळ काढायला माणसं लावली होती. सगळ्यात कमी पैसे सांगितले त्यांना काम दिलं. तासाभरात टेम्पो भरला, मागचं अंगण लख्ख झालं, मी पैसे दिले आणि विषय संपला असं समजले.

आठवड्याभराने फिरायला गेले तर ओढ्याच्या पुलाखाली आमची खुर्ची पडलेली. आमचीच. तिच्या उजव्या हाताला मी हिरवी दोरी गुंडाळली होती, ती गाठीसकट तशीच होती. शेजारी आमचेच रंगाचे डबे उपडे पडलेले, आणि एका डब्यातून पांढरट ओघळ पाण्यापर्यंत गेलेला. खूप संताप आला. पण घरी येऊन विचार केला तेव्हा आठवलं, मी त्या लोकांना दोनच प्रश्न विचारले होते: किती घेणार, आणि आज होईल ना? कुठे नेणार, हे मी विचारलंच नव्हतं. टेम्पो सुटताना 'सगळं घेऊन जा' एवढंच म्हणाले होते.

यंदा पुन्हा ढीग साचला. यावेळी जवळपासच राहणाऱ्या, बरीच वर्षं हेच काम करणाऱ्या एका माणसाला बोलावलं. त्याने आल्या आल्या कशालाच हात लावला नाही. लांब काठी घेऊन अर्धा तास नुसता फिरला, पत्रे कडेने थोडे थोडे उचलून पाहिले. ढिगाखाली साप-विंचू असतात म्हणून एका बाजूने आणि उजेडातच सुरुवात करायची, असं म्हणाला. मग प्रश्न सुरू झाले. "ताई, जुनी बॅटरी आहे का कुठे? ट्यूबलाइट? फवारणीचं औषध? गाडीचं जळकं ऑइल? हा पत्रा सिमेंटचा आहे का?" इतके प्रश्न मला कुणीच कधी विचारले नव्हते. त्याच क्षणी मी ठरवलं, काम याचंच.

दुपारी कोपऱ्यातल्या पत्र्याखाली तपकिरी काचेची बाटली निघाली. लेबल वाळवीने खाल्लेलं, बुचाभोवती पांढरी पापडी, तळाशी दोन बोटं काहीतरी. बरोबरचा पोरगा बूच फिरवायला लागला, वासावरून कळेल म्हणून. "ठेव खाली," तो माणूस तिथूनच ओरडला. मग काही न बोलता त्याने स्वतःचा डावा हात माझ्यापुढे धरला. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी गुळगुळीत, चकचकीत, एकही केस नाही. एका घरच्या डब्यात ॲसिड निघालं होतं. मालक म्हणाले होते, जुना रंग असेल.

तो हात पाहिल्यापासून हे लिहायचं मनात होतं.

आपण कचरा काढायला माणूस लावतो तेव्हा ओझं उचलण्याचे पैसे देतो असं आपल्याला वाटतं. पण ढिगात काय आहे हे फक्त आपल्याला माहीत असतं, आणि ते न सांगता आपण तो ढीग दुसऱ्याच्या हातात देतो. न सांगण्याने काय होतं याचं फार मोठं उदाहरण ब्राझीलमधल्या गोयानियाचं आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये तिथल्या एका बंद पडलेल्या रेडिओथेरपी केंद्रातलं, म्हणजे किरणांनी कर्करोगावर उपचार करणाऱ्या दवाखान्यातलं, यंत्र दोघांनी उचलून नेलं आणि त्याचे भाग भंगारात विकले. आत सीझियम-१३७ हा घातक किरणोत्सर्गी पदार्थ होता. अंधारात निळं चमकतं म्हणून लोकांनी ती पूड घरी नेली, अंगाला लावली. चार जण गेले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. यंत्र मागे टाकून जाणाऱ्यांना आत काय आहे ते माहीत होतं. फोडणाऱ्यांना नव्हतं.

आपल्या अंगणात किरणोत्सर्गी काही नसतं, मान्य. पण जे असतं तेही साधं नसतं. गाडीच्या जुन्या बॅटरीत शिसं आणि गंधकाम्ल असतं. ॲसिड मातीत ओतून बॅटरी रिकामी करून देणारे लोक मी पाहिलेत. त्या ॲसिडबरोबर मातीत जाणारं शिसं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतं, आणि त्याच मातीत लहान मुलं खेळतात. ट्यूबमध्ये पारा असतो. ती फुटली तर खिडक्या उघडायच्या, केरसुणी मारायची नाही, काचा पुठ्ठ्याने गोळा करून ओल्या कागदाने जागा पुसून घ्यायची. मोबाइल-लॅपटॉपच्या बॅटऱ्या इतर कचऱ्यात दाबल्या गेल्या की चालत्या गाडीत पेट घेतात, म्हणून टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या द्यायच्या. आणि जागा वाचवण्यासाठी उरलेली रसायनं एका डब्यात कधीही ओतू द्यायची नाहीत. ब्लीच आणि फरशीचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो, आणि तो ओतणाऱ्याच्या छातीत जातो.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांबद्दल मात्र मी हट्टाने बोलणार. त्यातल्या पुष्कळ पत्र्यांत ॲस्बेस्टॉस नावाचं तंतुमय खनिज असतं. टेम्पोत मावत नाही म्हणून हातोड्याने तुकडे केले की न दिसणारे तंतू हवेत उडतात, आणि त्यांनी होणारे फुप्फुसाचे आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी वर येतात. तोवर कोणाच्या अंगणात काय फोडलं होतं हे कोणाला आठवणार? असे पत्रे ओले करून, न फोडता, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून न्यायचे, आणि तेही हे काम शिकलेल्या माणसांनीच. त्या माणसाने आमचे पत्रे न्यायला स्पष्ट नकार दिला. "हे माझं काम नाही ताई, त्यासाठी वेगळी माणसं बोलवा." पैसे सोडून असा नकार देणाऱ्या माणसावर माझा विश्वास जास्त बसतो.

जवळचा माणूस घ्या म्हणते तेही यासाठीच. रोज त्याच रस्त्याने जाणारा माणूस त्याच ओढ्यात कचरा टाकायला कचरतो, आणि उद्या काही विचारायचं झालं तर तो सापडतो. तरी काम ठरवताना विचाराच: कोणता माल कुठे उतरवणार, तिथली पावती दाखवणार का, हातमोजे-बूट आहेत का. फोटो पाहून एका वाक्यात आकडा सांगणाऱ्याला मी आता काम देत नाही. कारण घातक माल नीट पोचवायला खर्च येतो, आणि तो खर्च न धरलेला आकडा कमी असणारच. उरलेला माल मग कुठल्यातरी पुलाखाली जातो, नाहीतर रात्री पेटवला जातो.

आणखी एक गोष्ट त्याच्याकडून शिकले. पालापाचोळा त्याने नेलाच नाही. कोपऱ्यात खड्डा काढून तिथेच टाकला, म्हणाला पैसे देऊन माती कशाला बाहेर पाठवता. जुन्या टायरांतलं पाणी मी नुसतं ओतून देणार होते, तर त्याने आतून घासायला लावलं. ते बरोबरच होतं. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासांची अंडी पाण्याच्या वरच्या कडेला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी मिळालं की फुटतात.

ती तपकिरी बाटली अजून मागे आहे, वाळू भरलेल्या बादलीत उभी, वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावलेली. घातक कचरा स्वीकारतात तिथे ती पुढच्या आठवड्यात जाईल. काल त्याचा फोन आला होता. "मी येतो त्या दिवशी. तुम्ही उचलू नका."