मला तू हवी होतीस

परवा वाचनगटात माझं आणि एका जुन्या मित्राचं चांगलंच वाजलं. तो म्हणाला, "कुर्दी कादंबरीतली प्रेयसी म्हणजे मातृभूमी. एकदा एवढं कळलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं." मला ते अजिबात सहन झालं नाही. तिथे रागाच्या भरात नीट मांडता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबलचक झालंय, सवडीने वाचा.

आधी माझं वाचन किती ते सांगते. कुर्दी कथा-कादंबऱ्या मी बहुतेक इंग्रजीतूनच वाचते. दोन वर्षांपासून रात्री जेवणं आटपली की अर्धा तास कुर्मांजी शिकते, व्याकरणाच्या पुस्तकावरून. कुर्द म्हणजे स्वतःचा देश नसलेले, तुर्कस्तान, सीरिया, इराक आणि इराणमध्ये विखुरलेले लोक. कुर्मांजी ही मुख्यतः तुर्कस्तान आणि सीरियातल्या कुर्दांची भाषा. इराक आणि इराणच्या बाजूला सोरानी. पहिली रोमन लिपीत लिहितात, दुसरी अरबी वळणाच्या लिपीत. माझं पोट मराठी मजकूर तपासण्यावर चालतं, त्यामुळे कुठलीही भाषा हातात आली की आधी क्रियापद कुठे जातंय ते बघायची सवय.

तर क्रियापदाबद्दलच. आपण म्हणतो, 'मी पोळी खाल्ली', 'मी आंबा खाल्ला'. खाणारी मी, पण क्रियापद पोळीच्या आणि आंब्याच्या मागून जातं. कुर्मांजीतही भूतकाळात हेच होतं, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. इतक्या लांबची भाषा, आणि वळण आपल्या घरातलं! पण ती आपल्याही पुढे जाते. 'मी तुला पाहिलं' असं म्हणताना आपण 'तू'ला 'ला' लावतो आणि क्रियापदाला मोकळं सोडतो. कुर्मांजीत म्हणतात, 'मिन तू दीती'. या 'दीती'तला शेवटचा 'ई' म्हणजे 'तू'. पाहिलं मी, पण क्रियापदात बसलायस तू.

आता 'हवं असणं' घ्या. वर्तमानकाळात 'एझ ते दिख्वाझिम', म्हणजे मला तू हवीस. शेवटचा 'इम' माझा. तेच भूतकाळात गेलं की 'मिन तू दिख्वेस्ती'. मला तू हवी होतीस. आता क्रियापद तुझं झालं, माझं राहिलं नाही. आपल्या 'होतीस'मध्येही तूच आहेस, मी नाही.

व्याकरणावरून मनाचे सिद्धांत सिद्ध होत नाहीत, हे मला कळतं. पण फ्रेंच मनोविश्लेषक लाकाँचं ते प्रसिद्ध विधान, माणसाची इच्छा ही 'दुसऱ्या'ची इच्छा असते, मला पुस्तकांतून कधी नीट पचलं नव्हतं. या एका 'ई'ने ते जवळ आणून ठेवलं.

मनोविश्लेषणाने कुर्दी कथा वाचायची तर सुरुवात भाषेपासूनच करावी लागते, असं मला वाटतं, कारण तिथे भाषा ही इच्छा सांगण्याचं नुसतं साधन राहिलेली नाही. तीच हवीशी झालेली गोष्ट आहे. फ्रॉइडच्या गोष्टीत 'नाही' म्हणणारा बाप घरात असतो. तुर्कस्तानातल्या कुर्दी मुलाच्या बाबतीत हे 'नाही' शाळेतून आलं. मेहमेद उझुन हा आधुनिक कुर्मांजी कादंबरीचा सगळ्यात मोठा माणूस, जन्म १९५३, सिवेरेक गावचा. शाळेच्या पहिल्याच दिवशी कुर्दीत बोलला म्हणून आपल्याला थोबाडीत बसली, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. घरात आईशी जी बोलायची तीच भाषा दाराबाहेर गुन्हा ठरली. कुर्दीत मातृभाषेला 'झिमाने झिकमाकी' म्हणतात. झिक म्हणजे पोट, झिमान म्हणजे जबान. आईच्या पोटातली जीभ. त्या जिभेवर थप्पड बसली.

आणि बंदी कशी होती पाहा. १९८३ साली तुर्कस्तानात २९३२ क्रमांकाचा कायदा आला. त्यात 'कुर्दी' हा शब्द कुठेच नाही. तुर्कस्तानने मान्यता दिलेल्या देशांच्या पहिल्या अधिकृत भाषा सोडून इतर भाषांत विचार मांडायला बंदी, अशी आडवळणाची वाक्यरचना आहे. जिचं तोंड दाबायचं तिचं नावसुद्धा घ्यायचं नाही. नेणिवेत ढकललेल्या गोष्टीचं याहून नेमकं चित्र मला ठाऊक नाही, आणि ते एका कायद्यात सापडावं याने अजूनही पोटात गोळा येतो. तो कायदा १९९१ साली गेला. क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही कुर्दीत असलेली, पण तुर्की वर्णमालेत नसलेली तीन अक्षरं मात्र २०१३ पर्यंत अडकूनच होती. आई पोराला ज्या नावाने हाका मारायची ते नाव सरकारी कागदावर त्याच अक्षरांत उतरत नव्हतं, म्हणजे काय होत असेल त्या नावाचं?

एक प्रसंग सांगते. तो कथेतला नाही, खरा घडलेला आहे. १९८० च्या लष्करी उठावानंतरचे तुरुंग. भेटीला येणाऱ्यांनी तुर्कीतच बोलायचं, नाहीतर भेट बंद. एका आईला तुर्की येत नव्हतं. तिने एक वाक्य पाठ केलं: मुलाचं पूर्ण नाव आणि 'नासिलसिन?', म्हणजे 'कसा आहेस?' सगळी भेट ती तेवढंच बोलत राहिली. जेवतोस का, मारतात का, घरी सगळे बरे आहेत, तुझी फार आठवण येते, हे सगळं त्या एकाच वाक्यातून, दर वेळी आवाज बदलून. लाकाँ म्हणतो, मागणीतून गरज वजा केली की जे उरतं ती इच्छा. वर्गात हे फळ्यावरच्या वजाबाकीसारखं शिकवतात. त्या आईच्या तोंडी शब्दाचा अर्थ दुसऱ्यांदाच संपला होता. पुढच्या प्रत्येक वेळी जे ऐकू येत होतं ते नुसतं उरलेलं होतं.

उझुन १९७० च्या दशकात तुरुंगातच कुर्दी लिहा-वाचायला शिकला. मग स्वीडनमध्ये परागंदा असताना १९८० च्या दशकाच्या मध्यात त्याची पहिली कादंबरी आली. नाव 'तू'. आपल्याला अनुवादाचीही गरज नाही, शब्द तोच आहे. ज्या भाषेत 'मी' म्हणायला बंदी होती, त्या भाषेतला कादंबरीकार पहिल्यांदा तोंड उघडतो आणि 'तू' म्हणतो. ही 'तू' म्हणजे देश, असं म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. मला त्यात फक्त एक माणूस कुणाशी तरी आपल्या भाषेत बोलायला आसुसलेला ऐकू येतो.

माझा मित्र ज्याच्यावर अडून बसला होता ते उझुनचंच दुसरं पुस्तक, 'सिया एवीने', प्रेमाची सावली. मेमदूह सेलीम हा खराखुरा होऊन गेलेला कुर्दी बुद्धिजीवी. एकीकडे फेरीहावरचं प्रेम, दुसरीकडे आराराट डोंगरातलं कुर्दांचं बंड. बंड फसतं आणि फेरीहाही हातची जाते. मित्र म्हणतो, दोन्ही एकच. एकच असते तर निवड करायची वेळ कशाला आली असती? त्या माणसाचा जीव जातोय तो या दोन इच्छा एकमेकींत विरघळत नाहीत म्हणूनच. फेरीहाला मातृभूमी केलं की मेमदूहचं दुःखही पुसलं जातं आणि फेरीहाही. तिचं चालणं, तिची वाट पाहणं, सगळं झेंड्याच्या कापडात गुंडाळलं जातं. आपल्याकडे स्त्रीची भारतमाता करताना काय काय दिसेनासं झालं, हे पाहिलेल्यांनी तरी ही चूक करू नये.

आणि हा घोळ आजचा नाही. १६९२ च्या सुमारास अहमद-ए खानीने 'मेम ऊ झीन' हे प्रेमकाव्य लिहिलं. त्या काळात फारसी किंवा अरबीत लिहिणं प्रतिष्ठेचं. आपण कुर्दीत का लिहितोय, हे तो सुरुवातीलाच सांगतो: कुर्दांजवळ विद्या नाही असं लोकांनी म्हणू नये. आणि लगेच पुढे, कुर्मांजांनी, म्हणजे कुर्दांनी, प्रेमाला आपलं लक्ष्यच केलं नाही, असंही जाणत्यांनी म्हणू नये. मूळ ओळीत 'कुर्मांज'चं यमक 'आर्मांज'शी जुळतं. आर्मांज म्हणजे लक्ष्य. आमच्याकडे ग्रंथ आहे आणि आमच्याकडे इश्कही आहे, या दोन गोष्टी त्याने शेजारी शेजारी ठेवल्या. एक दुसरीचं रूपक आहे असं तो म्हणत नाही. त्याला दोन्ही हव्यात.

इराककडच्या सोरानी लेखनात गणित बदलतं. तिथे भाषेवर तुर्कस्तानासारखी सरसकट बंदी नव्हती, तिथे माणसंच संपवली गेली: १९८८ चा हलब्जा गावावरचा विषारी वायूचा हल्ला, त्याच वर्षीची अन्फाल ही सद्दामची कुर्दांच्या संहाराची मोहीम. म्हणून शेरजाद हसन या सोरानी लेखकाच्या एका लघुकादंबरीत मला फ्रॉइडचा बाप थेट अंगणात भेटतो. तटबंदीच्या आत बायका, पोरं आणि कुत्रे पाळणारा सर्वसत्ताधीश बाप. थोरला मुलगा त्याला ठार करतो. सुटका व्हायला हवी, तर घर त्याच्यासाठीच रडायला लागतं. मेलेला बाप जिवंत बापापेक्षा बलवान होतो, हे फ्रॉइडने १९१३ साली 'टोटेम आणि टॅबू'त लिहिलं. सद्दामच्या सावलीत वाढलेल्या लेखकाला ते पुस्तकातून शिकावं लागलं नसेल. पुष्कळ जण ही कथा फक्त सद्दामची म्हणून वाचतात, मला ती त्या रडणाऱ्या घराची वाटते.

बख्तियार अलीच्या २००२ सालच्या डाळिंबाच्या झाडाच्या कादंबरीत उलटं आहे. बाप मुलाला शोधतो. मुझफ्फर एकवीस वर्षं वाळवंटातल्या कैदेतून सुटतो आणि काही दिवसांचा सोडून आलेल्या सर्यासला शोधायला निघतो. कळतं ते असं, की सर्यास तीन आहेत. एकच नाव, तीन पोरं, तिघंही युद्धाने खाल्लेली. बापाचं नाव मुलाला जगात जागा देतं म्हणतात. इथे नावच तीन ठिकाणी सांडलंय आणि बाप ते वेचत फिरतोय. काचेचं हृदय असलेला एक मुलगाही आहे त्यात, मुहम्मद. त्याला नकार मिळतो आणि ते हृदय खरोखर फुटतं. 'दिल टूटना' आपण इतकं वापरून गुळगुळीत केलंय की ही पानं वाचताना मला पहिल्यांदा त्या शब्दाची धार लागली. या मुहम्मदला कुणी कुर्दिस्तान म्हणून दाखवावं!

मित्रा, तू हे वाचशीलच. तुझा मुद्दा सगळाच खोटा आहे असं मी म्हणत नाही, ज्यांना देश नाही त्यांच्या प्रत्येक शब्दावर देशाची छाया पडतेच. पण तू उत्तरापासून सुरुवात करतोस आणि मग माणसं त्यात बसवतोस. सत्रात समोर बसलेल्या माणसाचं पहिलं वाक्य पूर्ण व्हायच्या आत निदान सांगणाऱ्या डॉक्टरसारखं होतं ते.

इंग्रजीतून वाचताना तर हे आणखी सोपं जातं. 'आय वाँटेड यू' मध्ये क्रियापद कुणाकडेच वळत नाही. म्हणून वाटतं, कुर्दीतून थेट मराठीत कुणीतरी आणावं, आपल्याकडे त्यासाठी लागणारं वळण तयार आहे. काल रात्री मी स्वतःच वहीत सराव म्हणून 'मिन तू दिख्वेस्ती' लिहिलं आणि खाली मराठी लिहायला घेतलं. 'मला तू हवी होतीस.' मग थांबले. कुर्मांजीतला 'तू' बाई की पुरुष, हे क्रियापद सांगतच नाही. ते मराठीने ठरवलं, आणि माझ्या हाताने न विचारता 'हवी' लिहून टाकलं. खालच्या ओळीत 'हवा होतास' लिहिलं. दोन्ही तशाच ठेवल्या आहेत.