‘नाव दिसलं ते टाकलं, तरी तेच’: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. सोर्समधून, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ कोडमधून, बिल्ड करताना ‘कमांड नॉट फाउंड’ आलं, तर ज्या कमांडचं नाव दिसतं त्याच नावाचं पॅकेज टाका, असं मी लेखात लिहिलं होतं. तुम्हाला मेक (बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम) ‘अ‍ॅक्लोकल-1.15’ मागत होता. त्या नावाचं पॅकेजच सापडलं नाही. मग ऑटोमेक टाकलं, सोबत आणखी बरंच काही टाकलं, दिवसाचा दीड जीबी डेटा संपला आणि ओळ तीच आली. वर तुम्ही विचारलंत, एप्ट (उबुंटूवर तयार पॅकेजं उतरवून टाकणारी कमांड) असताना हा उपद्व्याप कशाला, आणि हा लेख काय वायफायवाल्या शहरी माणसासाठी लिहिला का?

पहिला आरोप पूर्ण मान्य. ते वाक्य चूक होतं, काल रात्री ते काढून टाकलं. कमांडचं नाव एक आणि पॅकेजचं दुसरं, असं कायम होतं. अ‍ॅक्लोकल ऑटोमेकमध्ये असतं, ऑटोरिकॉन्फ ऑटोकॉन्फमध्ये, मेकइन्फो टेक्सइन्फोमध्ये, एमएसजीएफएमटी गेटटेक्स्टमध्ये. डेबियन आणि उबुंटूवर तर लिबटूल नावाचं पॅकेज टाकूनही लिबटूल ही कमांड मिळत नाही; ती लिबटूल-बिनमध्ये असते. माझ्या एका वाक्यापायी तुमचा दिवसभराचा डेटा गेला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तुमची मूळ अडचण. तुम्ही लिहिलंय की पुतण्याने यवतमाळला टारबॉल (सोर्सच्या सगळ्या फायलींचा एकच गठ्ठा) उघडला आणि ते उघडलेलं फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून गावी आणलं. माझ्या मते गोम तिथेच आहे. तयार टारबॉलमध्ये कॉन्फिगर, म्हणजे मशीन तपासून बिल्डची तयारी करणारं स्क्रिप्ट, आधीच बनवून दिलेलं असतं, त्यामुळे नुसतं बिल्ड करायला ऑटोमेकची गरजच पडू नये. पण मेक फायलींच्या वेळा बघतो. कॉन्फिगर.एसी किंवा मेकफाइल.एएम ही मूळ फाइल तिच्यापासून बनलेल्या फाइलपेक्षा नवी दिसली, की त्याला वाटतं कोणीतरी मुळात बदल केलाय, सगळं पुन्हा बनवायला हवं. मग ज्या आवृत्तीने लेखकाने ते बनवलं होतं, नेमकी तीच, म्हणजे 1.15, तो मागतो. तुमच्याकडे 1.16 आलं, म्हणून त्याने ते धरलंच नाही. साधं सीपी -आर केलं, तर प्रत्येक फाइलवर ती कॉपी झाली तेव्हाची वेळ पडते, म्हणजे कोणती फाइल नवी हे कॉपीच्या क्रमावर ठरतं. पेनड्राइव्ह फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर वेळा दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच लिहिल्या जातात, तो घोळ वेगळाच.

उपाय फुकट आहे. टारबॉल न उघडता आणा आणि आपल्याच मशीनवर उघडा. टार आतल्या वेळा जशाच्या तशा ठेवतो. तेवढ्यासाठी पुन्हा यवतमाळ नको असेल, तर आहे त्या फोल्डरमध्ये आधी अ‍ॅक्लोकल.एम4 ला टच करा (म्हणजे फाइलची वेळ आत्ताची करा), दोन-तीन सेकंद थांबून कॉन्फिगर आणि कॉन्फिग.एच.इनला, मग प्रत्येक उपफोल्डरमधल्या मेकफाइल.इनला. त्यानंतर कॉन्फिगर नव्याने चालवा. एक एमबीही लागणार नाही.

हे मी ठामपणे सांगतोय, कारण आमच्या गावच्या वाचनालयातल्या मशीनवर मी दोन संध्याकाळी अशाच घालवल्या आहेत. लाइन गेली की त्या मशीनचं घड्याळ थांबायचं, कारण आतला सेल मेला होता. काल बनलेल्या फायली आजच्या घड्याळाला उद्याच्या वाटायच्या. मेक ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ म्हणून सांगत होता आणि मी ती ओळ सोडून खालच्या एररमागे पॅकेजं टाकत बसलो होतो. शेवटी बाजाराच्या दिवशी घड्याळवाल्याकडून सीआर 2032 सेल आणला, तारीख लावली, मेक क्लीन करून पुन्हा चालवलं, आणि बिल्ड पार पडलं.

कधी तर ‘नॉट फाउंड’ हे शब्दही येत नाहीत. टेसेरॅक्ट (स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) बिल्ड करताना, तिथे आपणच बनवावं लागलेलं कॉन्फिगर मध्येच ‘सिंटॅक्स एरर’ म्हणून थांबलं. ती ओळ एएक्स_चेक_कम्पाइल_फ्लॅगची होती, आणि तो मॅक्रो (कॉन्फिगर बनताना पूर्ण कोडमध्ये उलगडणारं छोटं नाव) ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह या पॅकेजातून येतो. ते नव्हतं म्हणून मॅक्रो उलगडलाच नाही आणि त्याचं नाव कॉन्फिगरमध्ये तसंच उतरलं. कॉन्फिगरमध्ये असं कॅपिटल अक्षरांतलं नाव तसंच दिसलं, की स्क्रिप्ट दुरुस्त करायच्या मागे लागू नका. मॅक्रोचं पॅकेज शोधा.

डेटाचा तुमचा मुद्दा मी लेख लिहिताना ध्यानातच घेतला नव्हता. मेकमधून आलेल्या एररखाली उबुंटू काही सुचवत नाही. तेच नाव टर्मिनलवर स्वतः टाइप केलं, तर बहुतेक वेळा ते कोणत्या पॅकेजात आहे हे मशीनवरच्याच यादीतून सांगतं. नेट बंद असलं तरी. पॅकेज टाकण्याआधी एप्ट-गेट इन्स्टॉलला --प्रिंट-यूआरआयज जोडा: उतरणाऱ्या प्रत्येक फाइलचा आकार बाइटमध्ये दिसतो आणि काहीच उतरत नाही. टाकताना एप्टऐवजी एप्ट-गेटच वापरा. ते उतरवलेल्या डेब फायली वार/कॅश/एप्ट/आर्काइव्ह्जमध्ये ठेवतं. शेजारच्या मशीनवर तीच उबुंटू असेल तर त्या पेनड्राइव्हने नेता येतात.

एप्ट असताना हे कशाला? एप्टमध्ये हवं ते मिळत असेल तर तिथूनच घ्या, त्यात वाद नाही. आमच्या मशीनवर उबुंटू 16.04 होतं आणि त्यात टेसेरॅक्ट 3.04 मिळायचं. वाचनालयातल्या जुन्या मराठी पुस्तकांची पानं स्कॅन करून त्याला दिली की जोडाक्षरांचा पार चुराडा व्हायचा. 4 मध्ये ओळखण्याची पद्धतच बदलली, पण त्याला लेप्टोनिका ही चित्रं हाताळणारी लायब्ररीही 1.74 किंवा पुढची हवी. ती 16.04 मध्ये नाही, म्हणून दोन्ही सोर्समधून बिल्ड केली. पहिलं पान नीट उतरलं तेव्हा ग्रंथपाल काकांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. तेवढ्यासाठी मी हे पुन्हा करीन.

आज टच करून मेक चालवून बघा. पुन्हा अडलं तर ‘एरर 127’ असलेली ओळ आणि तिच्या वरच्या दहा ओळी इथेच टाका. 127 म्हणजे शेलला कमांड सापडली नाही, आणि कोणती ते त्या वरच्या ओळींत असेल.