‘काही नर्सेस’ म्हणू नका

दुसऱ्या महायुद्धातल्या बोटींवरचा कुठलाही व्हिडिओ लावला की डोकं फिरतं माझं. बोट किती टनांची, पाणबुडी कुठली, टॉर्पेडो किती सुटले, सगळं तोंडपाठ. आणि शेवटी घाईघाईत एक वाक्य, बोटीवर काही नर्सेसही होत्या. काही म्हणजे किती? कुठे निघाल्या होत्या? जगल्या की मेल्या?

काल परत तेच. ‘खेडिव्ह इस्माइल’, मोंबासाहून कोलंबोला सैनिक घेऊन निघालेली बोट. १२ फेब्रुवारी १९४४, दुपारची वेळ, जेवणं आटोपून बरेच जण खाली गाण्याचा कार्यक्रम बघत बसलेले. मालदीवजवळ जपानी आय-२७ पाणबुडीचे दोन टॉर्पेडो लागले आणि दोन-तीन मिनिटांत बोट तळाला गेली. १,५११ पैकी १,२९७ माणसं गेली. त्यांत ७७ बायका! लष्करी परिचारिका, ब्रिटिश नौदलाच्या महिला दलातल्या ‘रेन’, दक्षिण आफ्रिकेच्या मुली. वाचल्या सहा. ब्रिटिश राष्ट्रकुलात सैनिकी सेवेतल्या इतक्या बायका एका वेळी कधीच गेल्या नव्हत्या. हे ‘काही’ होतं?

पाण्यात माणसं तरंगत असताना ‘पेटार्ड’ या ब्रिटिश विनाशिकेने पाणबुडीवर डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकले, ते बरोबर की चूक, यावर मात्र तासभर चर्चा. करा ना, करायलाच हवी. ‘पेटार्ड’च्या सातव्या टॉर्पेडोने पाणबुडी फुटली हेही सांगा. पण त्या पाण्यात बायकाही होत्या, हे सांगताना जीभ का अडखळते?

एकाने मला सुनावलं, “ताई, त्या लढायला थोड्याच चालल्या होत्या!” अरे, मग पूर्व आफ्रिकेच्या तोफखान्याचे ९९६ जण त्या दुपारी कुठे लढत होते? तेही बोटीवर बसूनच होते. त्यांना सैनिक म्हणता, मग यांना का नाही? हजारावर पुरुषांत ऐंशीएक बायका, विषुववृत्ताचा उकाडा, रात्री ब्लॅकआउट. कशा राहिल्या असतील, कुणाला विचारावंसंही वाटत नाही.

‘सेंटॉर’चंही तेच. १९४३, क्वीन्सलंडजवळ बुडवलेली ऑस्ट्रेलियन हॉस्पिटल शिप. बारा नर्सेसपैकी एकटी एलेन सॅव्हेज वाचली. स्वतःच्या बरगड्या मोडलेल्या असताना ती तराफ्यावरच्या जखमींची काळजी घेत राहिली, पुढे तिला शौर्याचं जॉर्ज मेडल मिळालं. व्हिडिओत तिच्या वाट्याला अर्धं वाक्य, तेही नाव चुकवून.

माहिती मिळत नाही म्हणून सांगू नका मला. जिथून टनांचा आकडा उचलता, तिथेच चार ओळी खाली या बायकांचा आकडा असतो.