फोटोग्राफरला हंगामाची उचल द्या

मराठवाड्याचा फोटो म्हटलं की भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडं बघणारा म्हातारा. मला आता या फोटोचा राग येतो. दुष्काळ खोटा नाही हो, पण हा फोटो गाडीतून उतरलं की पाच मिनिटांत मिळतो.

फोटोग्राफर रघु राय यांचं काम बघा. शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं, सुरुवात ‘स्टेट्समन’मधून, १९७२ ला पद्मश्री, १९७७ ला मॅग्नम या फोटोग्राफरांच्या जागतिक संस्थेत. १९८२ पासून जवळपास दशकभर ‘इंडिया टुडे’. १९८४ च्या डिसेंबरातला भोपाळच्या वायुकांडाचा फोटो विसरता येत नाही: मातीत अर्धं पुरलेलं लेकरू, उघडे डोळे, चेहऱ्याजवळ मोठ्या माणसाचा हात. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की कित्येक वर्षांनी ते परत भोपाळला गेले आणि वाचलेल्यांचं जगणं टिपलं.

आपल्याकडं असं कोण परत आलं? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा कॅमेरे आले. माळवदाची घरं, दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळलेल्या, सगळं छापून आलं. पुढं ५२ गावं नव्या जागी वसली. जुनी आळी, भावकी, पार मागं राहिला, तो संसार लोकांनी नव्याने कसा मांडला, हे कुणी टिपलं? २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हाही तसंच. गाडी गेली, कॅमेरे गेले.

आणि ऊसतोड! दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन बीडमधून कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. पाचटाच्या कोपीत संसार, अंधारातच फड गाठायचा, मग डोक्यावर मोळी घेऊन बाई फळीवरून ट्रकवर चढते. फळी पायाखाली वाकते. गावात उरतात म्हातारी आणि नातवंडं. हे सगळं दिसायला त्या टोळीसोबत हंगाम काढावा लागतो.

आपल्या तालुक्यातल्या पोरांकडं ती नजर आहे. त्यांचे पाव्हणेरावळे त्याच टोळ्यांत आहेत. लग्नसराईत पोट भरतात, पेपरला फोटो देतात, खाली नावसुद्धा येत नाही. त्यांच्याकडं नाही तो फक्त वेळ, कारण वेळेला पैसा लागतो.

दिवाळी अंकवाल्यांनो, कळकळीनं सांगतो, अशा एका पोराला हंगामाची उचल द्या. अंकातली सोळा पानं द्या, प्रत्येक फोटोखाली त्याचं नाव द्या. आणि पुढच्या वर्षी त्याला त्याच टोळीकडं परत पाठवा.