सामान विकायला काढताय? या सूचना पाळाच!

आईवडिलांच्या मागे त्यांचं घर रिकामं करायची जबाबदारी तुमच्यावर आली असेल, तर आधी अभिनंदन. भावंडांमध्ये सर्वांत रिकामटेकडे तुम्हीच आहात, हे एकमताने ठरलेलं आहे. बाकीच्यांना मुलांच्या परीक्षा आहेत, गुडघेदुखी आहे, ऑफिसात वर्षअखेर आहे. तुमच्याकडे फक्त किल्ली आहे.

मी नुकतीच यातून बाहेर पडले. दोन दिवस, घरातच, सामानाची जाहीर विक्री. तेव्हा अनुभवाचे चार बोल ऐकून घ्या.

सुरुवातीला कशाची तपासणी करत बसू नका. खण उपसायचे, कोटांचे खिसे चाचपायचे, पुस्तकं एकेक करून झटकायची, हे संशयी माणसांचे उद्योग. मागच्या पिढीने महत्त्वाचे कागद नीट फाइल करूनच ठेवलेले असणार! मुदत ठेवीची पावती शब्दकोशात आणि विम्याचे कागद चादरीच्या घडीत कोण ठेवतं? (आमच्याकडे ठेवले होते. शब्दकोश कुणी विकत घेतला नाही म्हणून पावती वाचली. शब्दकोश हल्ली कुणीच घेत नाही, त्यामुळे लपवायला ती उत्तम जागा आहे.)

जुना लॅपटॉप आणि फोन आहेत तसेच टेबलावर मांडा. फाइल डिलीट केली की ती जगातून नाहीशी होते, यावर श्रद्धा असू द्या. नव्या मालकाला तुमच्या वडिलांचा पासवर्ड कळला तर बिघडलं कुठे?

औषधांचा डबाही राहू द्या, मुदत संपलेल्या गोळ्यांसकट.

किंमत ठरवताना मात्र मनाचं ऐका. रिचर्ड थेलर नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1980 मध्ये या आजाराला ‘एंडावमेंट इफेक्ट’ असं नाव दिलं. वस्तू आपली झाली की आपल्या डोळ्यांत तिची किंमत आपोआप चढते. पुढे त्याने डॅनियल काहनमन आणि जॅक नेच यांच्याबरोबर विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. निम्म्यांना कॉफीचे साधे मग वाटून दिले आणि कितीला विकाल म्हणून विचारलं. ज्यांना मग मिळाले नव्हते ते जेवढे पैसे द्यायला तयार होते, त्याच्या साधारण दुप्पट किंमत या नव्या मालकांनी सांगितली. थोडा वेळ हातात धरलेल्या मगाची ही कथा, तर ज्या कपाटामागे लपून तुम्ही लहानाचे मोठे झालात त्याचं काय बोलता! सांगा वाटेल तो आकडा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच कपाट ‘घेऊन जा बाबा, पैसे नकोत’ म्हणत जिन्यापर्यंत ढकलायला तुम्हीच असाल.

ते दारातून जातं का, हे विकल्यावर मोजा.

चांदीची भांडी भिंगातून बघू नका. 925 असा शिक्का असेल तर शंभरातले साडेब्याण्णव भाग चांदी, आणि ‘ईपीएनएस’ असेल तर निकेल सिल्व्हरवर नुसता मुलामा. नाव सिल्व्हर असलं तरी निकेल सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. पण हे बघायला पाच मिनिटं लागतात. त्यापेक्षा सगळं एकाच खोक्यात घाला आणि खोक्यावर एकच भाव लिहा. तो खोका उचलणाऱ्याच्या खिशात भिंग असतंच.

भावाच्या चिठ्ठ्या लावायच्याच असतील तर जाड चिकटपट्टीने, थेट लाकडाच्या पॉलिशवर.

गल्ला सगळ्यांत आतल्या खोलीत ठेवा, म्हणजे येणारा प्रत्येक जण घरभर फिरून मगच पैसे देईल, किंवा देणार नाही. दाराशी टेबल मांडून तिथे एक माणूस बसवणं, सुटे पैसे आधी आणून ठेवणं, विकायच्या नसलेल्या वस्तू एका खोलीत घालून कुलूप लावणं, हे घाबरटांचे मार्ग. तुम्ही नुसती पाटी लावा, ‘विकायचं नाही’. सर्वाधिक चौकशी त्याच वस्तूची होते. मी बसले होते त्या खुर्चीचा भाव एकाने मला उठवून विचारला. दहाची वेळ जाहीर केली होती, हे गृहस्थ सातला दारात उभे होते. टूथब्रश माझ्या तोंडात होता, तोही विचारला नाही हे नशीब.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. नातेवाइकांना आधी काही विचारू नका. मी विचारलं, तिथेच चुकले. सहा महिने आधी ग्रुपवर प्रत्येक वस्तूचा फोटो टाकला, नंबर घातले. ज्याला जे हवं त्याने नंबर कळवा, एकाच वस्तूवर दोघांची नावं आली तर चिठ्ठी टाकू, असंही लिहिलं. उत्तरादाखल अंगठे आले. ‘आम्हाला काही नको गं, आठवणी पुरेशा आहेत,’ हेही आलं. मी तारीख कळवली. परत अंगठे. शेवटच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. तेव्हा अंगठेसुद्धा आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी, उरलेलं सगळं निम्म्या किमतीत लावल्यावर, थोरला भाऊ आणि वहिनी आले. आईच्या शिलाई मशीनवर ‘विकले’ अशी चिठ्ठी होती. एक शिकाऊ मुलगी पैसे देऊन टेम्पो आणायला गेली होती. वहिनींनी ती चिठ्ठी नखाने सोलून काढली आणि म्हणाल्या, ‘हे सासूबाईंनी मला द्यायचं कबूल केलं होतं.’ भाऊ म्हणाला, ‘तू आम्हाला सांगितलंच नाहीस.’ मी फोन उघडून फोटो दाखवला, नंबर 14, खाली त्याचाच अंगठा. ‘ग्रुप कोण एवढं नीट बघतं?’ मग वहिनींनी पैशांच्या डब्याकडे बघून विचारलं, ‘एकूण किती झाले?’

आणि हो, एवढी घाई काय होती, घर तसंच ठेवता आलं असतं, हेही ऐकवून झालं.

पुरे झाला उपरोध. हवं होतं तर तोंड शिवून का बसला होतात? मशीन त्याच घरात होतं, यायचं आणि उचलून न्यायचं. आई आजारी असताना सुईत दोरा ओवून द्यायला कोण होतं, ते विचारत नाही. पण विक्रीआधीच्या एखाद्या रविवारी येऊन दोन खोकी भरून दिली असती, गाद्या खाली उतरवायला हात लावला असता, तर हक्काने बोलता आलं असतं. कष्ट दुसऱ्याचे आणि यादीवर नाव आपलं, असं चालत नाही. ज्यांच्या घरी आज ना उद्या ही वेळ येणार आहे, त्या सगळ्यांना सांगते: हवं ते आत्ता बोला, लेखी बोला, आणि दिलेल्या तारखेला येऊन घेऊन जा. नको असेल तर नंतर येऊन हळहळू नका. टेम्पो घेऊन आलेल्या परक्या मुलीसमोर तर मुळीच नाही. बिचारी दारात उभी राहून ‘ताई, मी पैसे परत घेऊ का?’ असं विचारत होती. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

मशीन तिलाच दिलं. भाऊ चार दिवस बोलत नाहीये.

खणातली बॉबिनं आणि आईची कात्री मात्र मी आधीच काढून ठेवली होती. त्यांचा फोटो ग्रुपवर टाकला नव्हता.