भांडेवाडीच्या पाण्याचा हिशेब एवढा सोपा नाही

नागपुरात पाण्याचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं: "कोराडीच्या वीजकेंद्राला भांडेवाडीच्या केंद्रात प्रक्रिया केलेलं शहराचं सांडपाणी दिलं. ते वायाच जात होतं. तेवढं पेंच नदीचं पाणी शेतीला मोकळं झालं. आता पाणी-वीज-शेतीचा हिशेब एकत्र मांडणारी मॉडेलं कशाला? आकड्यांचा खेळ नुसता!"

"वायाच जात होतं." खरी गोम इथेच आहे. ते पाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून गोसीखुर्द धरणात जायचं. घाण होतं, कबूल. पण पाणी होतं. कोराडीच्या कूलिंग टॉवरमधून त्याची वाफ झाली की खाली कुणालाच काही मिळत नाही. पेंचच्या खात्यात जे जमा दिसतं, त्यातलं बरंचसं गोसीखुर्दच्या खात्यातून वजा होतं. गंमत म्हणजे एनटीपीसीचं मौद्याचं वीजकेंद्र पाणी घेतं ते गोसीखुर्दमधूनच! योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरायलाच हवं. फक्त खालच्या खातेदाराला विचारात घ्या.

"पेंच मोकळं झालं." भांडेवाडीचा हा प्रकल्प रोज १३ कोटी लिटरचा, म्हणजे वर्षाला साधारण ४७ दलघमी (दशलक्ष घनमीटर). पेंचवरच्या तोतलाडोह धरणाचा उपयुक्त साठा हजार दलघमीच्या वर, म्हणजे ही बचत पाच टक्केही नाही. योजना चालू असतानाच जुलै २०१९ मध्ये शहराला दिवसाआड पाणी घ्यावं लागलं. पाऊस रुसला होता आणि पेंचच्याच वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात, चौराई धरण झालं होतं.

"शेतकऱ्याला मिळालं." कोणत्या? पेंचचा कालवा रामटेक, पारशिवनी, मौद्याच्या धानाला. काटोल-नरखेडचा संत्रावाला बोअरवेलवर. त्याला सौर पंप मिळाला तर विजेवरचं अवलंबन जातं, पण उपशावरचा उरलासुरला लगामही जातो. ऊर्जा खात्याच्या कागदावर हीच गोष्ट निव्वळ फायद्याची दिसते.

राहिला "आकड्यांचा खेळ". वर्षाची सरासरी घेऊन केलेलं मॉडेल खेळच असतं, आणि ते वरच्या दाव्याला खुशाल मान्यता देईल. धानाची रोवणी जुलैत, जेव्हा पाऊस लांबला तर तोतलाडोह तळाला असतो. वार्षिक बेरजेत तो महिना बुडून जातो. पाण्यासाठीचं 'वीप' आणि विजेसाठीचं 'लीप' ही स्टॉकहोम एन्व्हायर्न्मेंट इन्स्टिट्यूटची साधनं एकमेकांना जोडता येतात. पण त्यात महिनावार आकडे भरले का, आणि नाग नदीतून परत जाणारं पाणी धरलं का, हे पालिकेने आणि जलसंपदा विभागाने आधी विचारायला हवं.